दोन नोंदी, दिवाडी

टेकडीवर, सोडून दिलेल्या चिरेखाणीच्या तळाशी
पहिलं यंत्र. तिथे जांभा संपतो
आणि जुना खडक लागतो,
कुदळ मारली तर कुदळच लाजते.
दुसरं खाली खाजनात, मानशीच्या अंगाला,
रेमेदियसच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे,
कारण वीज तिथवरच होती, आणि तिने
एवढंच विचारलं, "ठेव पुता, पण अंडी देणार का ते?"

दोघांमध्ये चालत अठरा मिनिटं.
जमिनीच्या हिशेबात दोन वेगळे मुलूख.

दर बुधवारी मी फेरीबोटीने येतो,
नोंदी उतरवतो, बॅटरी बघतो, मुंग्या झाडतो.
खालच्या नोंदीत सगळंच येतं. भरती.
बांधावरून गेलेली स्कूटर.
पाणी मानशीची फळी ढकलतं तो धपका.
एकदा तर पूर्ण फुटबॉलचा सामना,
मध्यंतरासकट.
वरचा खडक काही बोलायचा नाही.
मला वाटायचं, बहिरा आहे.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
कोयनेच्या बाजूला कुठेतरी जमीन जराशी सरकली.
वर रेघ केसाएवढी हलली.
खाली तीच लाट पाचपट उंच,
आणि थांबेचना, गुदमरल्यासारखी
चिखलाच्या तळापासून वरपर्यंत येरझारा घालत राहिली.
रेमेदियसच्या कपाटात पेले वाजले,
लग्नातल्या बारापैकी उरलेले सात.
टेकडीवरचा आगुश्तीन म्हणाला, छे,
मी जागाच होतो, कुत्रंसुद्धा उठलं नाही.
धक्क्यावर दोघं कडकडून भांडले.
दोघंही खरं बोलत होते.

मी तिला सांगितलं: लाट खडकातून धावत येते,
चिखलात शिरली की तिचे पाय रुततात.
वेग जातो, पण वाहून आणलेलं ओझं तेवढंच.
कुठे ठेवणार?
मग ती उंच होते.
"म्हणजे माझ्या सासूसारखी," रेमेदियस म्हणाली,
"गुडघे गेले तसा आवाज वाढला."

माझ्या अहवालात याहून बरं वाक्य नाही.

आणि मे महिन्यात, भर दुपारी,
चिलीच्या दक्षिणेकडून एक मोठा धक्का,
म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ पाठीमागून.
वाटेत वितळलेल्या लोखंडाचा गाभा.
अंग आडवं हलवत येणारी लाट
त्या दारातून तशीच आत जाऊ शकत नाही;
ढकलत येणारी गेली,
आत शिरताना वाकली, बाहेर पडताना पुन्हा वाकली.
आमच्याहून जवळचे कितीतरी किनारे
तिच्या सावलीत राहिले, त्यांना नुसती ओझरती चाहूल.
आणि इथे, एवढ्या लांब,
भिंगाखाली ऊन गोळा व्हावं तशी
ती गोळा होऊन वर आली. वीस मिनिटांत.

खालच्या यंत्राला पत्ता नाही.
ते स्कूटर ऐकत होतं.
वरच्या खडकाने मात्र
शांत कपाळावर एकच आठी घातली,
स्वच्छ, वेळेवर.
मी पडद्यासमोर उभा राहून त्याची माफी मागितली.

"चिली?" रेमेदियस म्हणाली. "माझा भाऊ तारवटी होता.
वाल्पाराइसोहून त्याचं पत्र अडीच महिन्यांनी आलं,
तोवर तो आणखी कुठे होता."
मग म्हणाली, दाखव मला तो दगड.

चिरेखाणीत उतरायला तिला अर्धा तास लागला.
यंत्राच्या डब्याकडे तिने पाहिलंही नाही.
तळहात खडकावर टेकवला, थोडा वेळ ठेवला,
"थंड आहे," म्हणाली,
आणि धप्पकन शेजारी बसली.

बुधवारच्या नोंदीत ते आहे:
अकरा बावीस, एक टोकदार खूण,
मग बराच वेळ काही नाही.
रकाना होता, कारण.
मी लिहिलं: रेमेदियस. बसली.